लाल ताणा, निळा बाणा

(दृश्य: चादरीचा काठ, अगदी जवळून. एकेक धागा वेगळा दिसतो. कॅमेरा हळूहळू मागे सरकतो.)

जरा नीट बघा. उभे धागे, म्हणजे ताणा, लाल आहेत; आडवे, म्हणजे बाणा, निळे. तिसरा रंग या काठात कुणी घातलेलाच नाही. आता चार पावलं मागे या. काठ जांभळा दिसायला लागला ना? हा जांभळा कुठल्याही रंगाऱ्याच्या हौदात सापडणार नाही. लांबून एवढे बारीक धागे सुटे ओळखू येत नाहीत, दोन्हींवरून आलेला उजेड डोळ्यात एकत्र होतो आणि तिसरा रंग तिथे जन्माला येतो.

सोलापुरात मागावर उभं राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कुठल्या ताण्यावर कुठला बाणा टाकला की काय दिसेल, हे त्याला आधीच दिसत असतं. फोटो काढणाऱ्याला मात्र ते शिकावं लागतं. आणि ते शिकायला सोलापूरसारखं गाव नाही, असं मी अगदी ठामपणे म्हणेन. रंगीत छायाचित्रणाचा इतिहास उलगडत जा, जागोजागी कापडच भेटतं.

(दृश्य: चौकड्याच्या रिबिनीचं जुनं रंगीत चित्र.)

१७ मे १८६१. लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन. जेम्स क्लार्क मॅक्सवेल हे शास्त्रज्ञ तीन मूळ रंगांवर व्याख्यान देत होते. त्यांच्यासाठी थॉमस सटन या छायाचित्रकाराने एकाच वस्तूचे वेगवेगळे फोटो काढून ठेवले होते: लाल, हिरव्या आणि निळ्या द्रावणांतून. ते फोटो त्या त्या रंगाच्या उजेडात पडद्यावर एकावर एक पाडले आणि वस्तू रंगांसकट दिसली. वस्तू होती एक विणलेली रिबीन, स्कॉटिश चौकड्याची.

यातली खरी मौज नंतर कळली. त्या काळी फोटो ज्या काचांवर घेत त्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. मग पडद्यावर लाल आला कुठून? शंभर वर्षांनी कोडॅकच्या संशोधकांनी उलगडा केला. रिबिनीतला लाल रंग अतिनील किरणही परावर्तित करत होता, लाल द्रावणातून ते किरण आरपार जात होते आणि काचेने नेमके तेच टिपले होते. प्रयोग यशस्वी झाला त्यात कापड रंगवणाऱ्याचाही वाटा होता, आणि तो कोण हे कुणी लिहून ठेवलं नाही.

मॅक्सवेलच्याही आधी पॅरिसच्या गोब्लां कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायची चित्रं मागावर विणत, शेव्रल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. तक्रार आली की निळ्या-जांभळ्या कामात वापरलेला काळा फिका पडतो, रंग कच्चा असणार. शेव्रल यांनी काळं सूत तपासलं. सूत चोख होतं. दोष शेजाऱ्याचा होता. निळ्याच्या शेजारी ठेवलेला काळा आपला जोर घालवून बसतो, दुसऱ्या रंगाजवळ तोच काळा गर्द दिसतो. १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे कित्येक चित्रकारांनी तो वाचून आपली रंगपेटी बदलली.

छायाचित्रात रंग वापरणाऱ्याने शेव्रल यांचं हे एवढं जरी मनात धरलं तरी निम्मं काम होतं. लाल किती लाल दिसेल हे त्याच्या बाजूला काय उभं आहे त्यावर ठरतं. जानेवारीत मंगळवेढ्याकडे जाताना काळ्या रानात करडई फुललेली असते. तो पिवळा-केशरी रंग एवढा पेटलेला दिसतो तो खालच्या काळ्या मातीमुळे. तेच फूल तोडून पांढऱ्या कागदावर ठेवा, निम्मी धग जाते. आणि तरी लोक फोटो घरी आणून सॅच्युरेशनची, म्हणजे रंग भडक करायची, पट्टी उजवीकडे ओढत बसतात. सगळेच रंग ओरडायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही. रंग वाढवायचाच असेल तर फोटो काढतानाच दोन पावलं सरकून त्याला योग्य शेजार मिळवून द्यावा.

(दृश्य: जॅकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, माळेसारखी मागावर फिरताना. ध्वनी: यंत्रमाग.)

आता ल्यों. फ्रान्समधलं रेशमाचं गाव. १८०४ च्या सुमारास तिथे जोसेफ मारी जॅकार्ड यांनी ही युक्ती पूर्णत्वाला नेली: पुठ्ठ्यावर भोकं पाडायची आणि कुठला धागा उचलायचा ते भोकांनी ठरवायचं. सोलापुरी चादरीवरचा मोर, वेलबुट्टी, आणि एका बाजूला जो रंग जमिनीचा तोच उलट्या बाजूला नक्षीचा, हे सगळं त्या कार्डांचं देणं आहे. त्याच ल्योंमधून शंभर वर्षांनी, १९०७ मध्ये, लुमिएर बंधूंनी ऑटोक्रोम काच बाजारात आणली. सर्वसामान्य हौशी माणसाला रंगीत फोटो काढता येईल अशी ही पहिली यशस्वी पद्धत. तिच्यात होतं काय? बटाट्याच्या पिठाचे, म्हणजे स्टार्चचे, सूक्ष्म कण. काही नारिंगी-लाल रंगवलेले, काही हिरवे, काही जांभळट निळे. ते काचेवर पसरायचे आणि मधल्या फटी कोळशाच्या भुकटीने बुजवायच्या. या कणांमधून गाळून आलेला उजेड फोटो टिपणाऱ्या खालच्या थरावर पडे. ऑटोक्रोम भिंगाखाली धरलं तर सुटे रंगीत ठिपके दिसतात, लांबून बघितलं तर एखाद्या बाईचा गुलाबी पदर. सुरुवातीला पाहिलेला काठ आठवा.

तरीही कलेच्या दरबारात रंगाला बरीच वर्षं मान नव्हता. गंभीर छायाचित्र म्हणजे कृष्णधवल, रंग जाहिरातीत आणि लग्नाच्या अल्बममध्ये शोभतो, असा समज घट्ट होता. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने विल्यम एगलस्टन यांची रंगीत चित्रं लावली तेव्हा समीक्षकांनी सडकून टीका केली. ती चित्रं ज्या पद्धतीने छापली होती तिला डाय ट्रान्स्फर म्हणतात: जिलेटिनच्या तीन थरांना तीन रंग पाजायचे आणि एकामागून एक कागदावर उतरवायचे. थोडक्यात, रंगाऱ्याचंच काम. आपल्याकडे छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी आयुष्यभर रंगातच काम केलं. भारतात रंग हा वरून चढवलेला साज नाही, तो जगण्याच्या आतलाच आहे, ही त्यांची धारणा होती. त्यांच्या चित्रांत लाल, पिवळा, भगवा यांची दाटी असते आणि तरी डोळा भरकटत नाही. मला ते काम आजही शिकवत असतं.

(दृश्य: पूर्व भागातल्या एका कारखान्याचं उघडं दार. आत अंधार, बाहेर कडक ऊन.)

शहराच्या पूर्व भागात चला. इथे घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि शेजाऱ्याशी कधी कन्नड, असं बोलणं चालतं. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली पायाशीच गडप होते. असं ऊन रस्त्यावर फोटोच्या कामाचं नसतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि बाकी सगळं पांढरंफटक होतं. पण हेच ऊन कारखान्याच्या दारासमोरच्या फरशीवर आपटून आत शिरतं तेव्हा मऊ होऊन येतं. दाराजवळच्या मागावर तो उजेड छान पसरतो. दोन-तीन पावलं आत गेलात की झपकन उतरतो. हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत असतात, पत्र्याच्या फटीतून आलेली तिरीप त्यांच्यावर पडली की ती काठीसारखी दिसते. फोटोत ती सुंदर दिसते. मागावर दिवस काढणारा माणूस मात्र तीच हवा छातीत घेत असतो. ही तिरीप टिपताना हे विसरू नये.

इथे दोन उजेडांचा संसार आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तेवढा उजेड पिवळा. दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विनचं. वरची पांढरी ट्यूब बहुतेक ६५०० च्या आसपासची, म्हणजे निळसर. कुठे कोपऱ्यात जुना पिवळा दिवा असेल तर तो २८०० च्या घरात. कॅमेऱ्याला व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठला उजेड पांढरा धरायचा ते, एकच देता येतो. दार खरं धरलं तर ट्यूबखालचा गाल निळा पडतो, ट्यूब खरी धरली तर दाराकडचा गाल हळदीसारखा. बरेच जण नंतर बसून दोन्ही गाल एकसारखे करतात. मी करत नाही. त्या माणसाच्या चेहऱ्यावर खरोखरच दोन उजेड आहेत, अर्धा दिवस आणि अर्धी पाळी. ते पुसून टाकलं तर उरतं काय?

ट्यूब बंद करायला सांगणं हा दुसरा मोह. तो टाळा. धागा तुटलेला कारागिराला दिसलाच पाहिजे, आणि मजुरी बहुतेक ठिकाणी विणलेल्या मालावर असते. आपल्या फोटोसाठी त्याचा हात थांबता कामा नये.

ट्यूबची आणखी एक खोड सांगून ठेवतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. शटर त्याहून वेगवान ठेवलं तर एका फोटोत रंग बरा, दुसऱ्यात मळकट, तिसऱ्यात आडवे पट्टे. १/१०० किंवा १/५० वर आलं की ही कटकट संपते. १/५० वर बाण्याचा धागा नेणारा धोटा मात्र स्थिर येत नाही, तो ताण्यांमधून जाताना नुसती रंगाची रेष होतो. मला तर तीच हवी असते.

(दृश्य: टर्किश टॉवेलचा गठ्ठा, त्यावर पडद्यात अचानक इंद्रधनुषी लाटा उमटतात.)

या लाटा टॉवेलवर नाहीत. कॅमेऱ्याच्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरवर बारीक रंगीत काचांची जाळी असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी तिची रचना केली, १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं. दर चार खान्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा, कारण आपल्या डोळ्याला उजेडाचा बारकावा हिरव्यात जास्त कळतो. म्हणजे सेन्सरलाही ताणा-बाणा आहे. त्याची वीण आणि कापडाची वीण जवळपास सारख्या मापाची झाली की दोन्ही एकमेकींत अडकतात आणि नसलेले रंग दिसतात. याला मॉइरे म्हणतात. थोडं पुढे-मागे व्हा, कॅमेरा जरासा तिरका धरा, लाटा जातात. सोलापुरात कापडाचे फोटो काढणाऱ्याला हे रोज भेटणार, तेव्हा तिथल्या तिथे फोटो मोठा करून तपासावा.

(दृश्य: गड्ड्याची यात्रा. उंच नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त.)

संक्रांतीला सगळं उलटं होतं. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांसोबत हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत चालतात. एवढा पांढरा समोर आला की कॅमेरा गोंधळतो. त्याचं मोजमाप सगळ्या दृश्याला मध्यम करडं धरून चालतं, म्हणून तो उजेड कमी करतो आणि बाराबंदी राखाडी येते. उजेड एक ते दीड स्टॉप वर चढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). मग दिसेल की पांढरा हा एकच रंग नाही. उन्हातली बाही पिवळसर, सावलीतली पाठ निळसर, कारण सावलीवर निळ्या आभाळाचाच उजेड पडतो. कुणाच्या खांद्यावर शेजारच्या भगव्याची झाक, कुणाच्या छातीवर हळदीची. रंग शिकायचा असेल तर पांढऱ्यापासून सुरुवात करावी, असं मी नव्या मुलांना नेहमी सांगतो.

संध्याकाळी तलावाकाठी थांबा. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आभाळ गर्द निळं होतं आणि देवळाचे पिवळे दिवे पाण्यात उतरतात. हा फोटो सगळेच काढतात. काढू द्या, आहेच तो देखणा.

(दृश्य: छापलेला फोटो हातात, कागदाची खरबरीत कड जवळून.)

शेवटी फोटो छापायचा. फाइन आर्ट प्रिंटसाठी उत्तम कागद मानतात तो शंभर टक्के कापसाचा. लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे साधा कागद काही वर्षांत पिवळा पडतो, कापसाचा टिकतो. त्यावर पिगमेंटची शाई घालतात, ती डायच्या शाईपेक्षा उन्हात जास्त टिकते. रिबिनीच्या फोटोपासून निघालेली वाट पुन्हा सुतावरच येते.

प्रिंट कुठल्या उजेडात बघणार, हा प्रश्न उरतोच. नवी पेठेतल्या साडीच्या दुकानात बाई म्हणते, "अहो, जरा दारात उजेडात दाखवा." तिचं बरोबर आहे. दोन रंग ट्यूबखाली जुळलेले दिसतात आणि उन्हात वेगळे पडतात, हे तिला पुस्तक न वाचता ठाऊक आहे. फोनच्या पडद्यावर फोटो बघून हो-नाही ठरवणाऱ्यांनी तिच्याकडून एवढं घ्यावं. सोलापुरात या चित्रांचं प्रदर्शन लागलं तर ते दिवसा लागावं, उत्तरेच्या खिडक्या उघड्या ठेवून. आणि मागांना सुट्टी असेल त्या दिवशी लागावं. ज्यांनी हे रंग विणले त्यांना घरच्यांसोबत निवांत येता आलं पाहिजे, आणि कुठला लाल चुकलाय ते आम्हाला तोंडावर सांगता आलं पाहिजे.