पोखरणचे मोर, लाहोरची कथा

(दृश्य: थरचं वाळवंट, भर दुपार)

११ मे १९९८. पोखरणच्या वाळूखाली अणुस्फोट झाले, दोन दिवसांनी पुन्हा झाले. २८ मेला पाकिस्ताननं चागईच्या डोंगरात उत्तर दिलं. दोन्ही देशांत मिठाई वाटली गेली.

लाहोरमध्ये राहणारे उर्दू कथाकार इंतज़ार हुसेन यांनी यावर कथा लिहिली, 'मोरनामा'. तिच्यात ना शास्त्रज्ञ, ना पंतप्रधान. निवेदक पेपरात बातमी वाचतो, की धमाक्यानं भेदरलेले राजस्थानातले मोर ओरडत आभाळात उडाले आणि पांगले. त्याच्या जिवाला घोर लागतो तो या मोरांचा.

मोरांचाच का? हुसेन मूळचे बुलंदशहर जिल्ह्यातल्या डिबाईचे. १९४७ साली ते लाहोरला गेले आणि तिथलेच झाले. पण त्यांच्या कथांमधून मागे राहिलेला गाव कधी हलला नाही. त्या गावात नुसती माणसं नाहीत. कडुनिंब आहे, चिंच आहे, माकडं आहेत, पावसाळ्यात ओरडणारे मोर आहेत. फाळणीवर उर्दूत पुष्कळ लिहिलं गेलं, बहुतेक रक्तपाताबद्दल. झाडापाखरांपासून तुटणं हीसुद्धा परागंदा होण्याचीच वेदना आहे, हे हुसेन यांच्याइतक्या मायेनं क्वचितच कुणी सांगितलं असेल. आणि 'मोरनामा'त तर पाखरांवरच परागंदा होण्याची पाळी येते.

(दृश्य: सातपुडा, अस्तंब्याची वाट)

मग कथेत अश्वत्थामा येतो. अभिमन्यूची पत्नी उत्तरा हिच्या गर्भावर ब्रह्मास्त्र सोडणारा, न जन्मलेल्या जिवालाही न सोडणारा. तो निवेदकाच्या मागेच लागतो. जखमेसाठी तेल मागत फिरणारा हा चिरंजीव मराठी माणसाला नवा नाही. नंदुरबार जिल्ह्यात अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते. इथे मात्र तो अण्वस्त्रांच्या काळात वावरतो, आणि अंगावर काटा येतो.

लाहोरमधल्या मुसलमान लेखकाला महाभारत कशाला हवं, असं कुणाला वाटेल. हुसेन यांना ते परकं कधी वाटलंच नाही. 'कछुए' या संग्रहात ते जातककथांकडे, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींकडे वळले. कथासरित्सागर हा जुना संस्कृत कथासंग्रहही त्यांना आपलाच वाटे. गाव सुटला, तरी या गोष्टींवरचा हक्क त्यांनी सोडला नाही. २०१६ साली लाहोरमध्ये ते गेले, तोवर ते दोन्हीकडच्या वाचकांचे झाले होते.