बारा मोटांच्या विहिरीत चार मिनिटे

पडद्यावर सध्या काहीच दिसत नाही, आणि हा चित्रीकरणाचा दोष नाही. साताऱ्याजवळच्या लिंब गावातील बारा मोटांच्या विहिरीत अमावस्येच्या रात्री डोळ्यांना जेवढे दिसते, तेवढेच आपण पाहत आहात. पायऱ्यांवर ट्रायपॉडला घट्ट बसवलेल्या कॅमेऱ्याचे शटर मात्र उघडलेले आहे, आणि ते पुढची चार मिनिटे उघडेच राहणार आहे.

विरुबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतलेली ही अष्टकोनी विहीर सुमारे 110 फूट खोल आहे. दिवसा वरून येणारे ऊन अर्धी भिंत भाजून काढते आणि उरलेली काळोखात ठेवते, त्यामुळे तिची छायाचित्रे बहुधा निराश करतात. रात्री सगळीकडे सारखाच अंधार असतो. कोणत्या दगडावर किती उजेड पडावा, हे तेव्हा छायाचित्रकाराच्या हातात येते, आणि लाइट पेंटिंगचे, म्हणजे अंधारात टॉर्चने हवा तिथे उजेड टाकून छायाचित्र घेण्याचे, सारे तंत्र याच एका सोयीवर उभे आहे.

काळे कपडे घातलेला आमचा सहकारी टॉर्च घेऊन (गावाकडे तिला बॅटरीच म्हणतात) कॅमेऱ्यासमोरून फिरत आहे, तरी छायाचित्रात तो उमटणार नाही. शटर उघडे असेपर्यंत सेन्सर प्रकाश साठवत राहतो. जो माणूस उजळलेला नाही आणि एका जागी थांबतही नाही, त्याची खूण तिथे राहत नाही. टॉर्चचे तोंड चुकून लेन्सकडे वळले, तर मात्र पांढरी रेघ उमटते. याच रेघेचा उपयोग करून फ्रेंच संशोधक जॉर्ज देमेनी यांनी 1889 मध्ये माणसाच्या सांध्यांवर दिवे बांधून त्याच्या चालण्याचा आलेख टिपला होता, आणि 1949 मध्ये छायाचित्रकार जॉन मिली यांच्या कॅमेऱ्यासमोर चित्रकार पिकासो यांनी छोट्या दिव्याने हवेत चित्रे रेखाटली होती. आम्हांला इथे रेघ नको आहे. आम्हांला दगड हवा आहे.

दगडासाठी उजेड कोणत्या बाजूने येतो, याला सर्वांत अधिक महत्त्व आहे. कॅमेऱ्याच्या शेजारी उभे राहून टॉर्च मारला, तर कोरीव भिंत कागदासारखी सपाट दिसते. तोच टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका धरला, की छिन्नीच्या प्रत्येक घावाला स्वतःची सावली मिळते आणि दिवसा न जाणवलेले कोरीवकाम ठसठशीत उठून येते. हात सतत हलता ठेवावा लागतो, कारण तो क्षणभर जरी अडखळला, तरी तिथे पांढरा डाग पडतो. अंतराचा हिशेबही मनातल्या मनात चालू ठेवावा लागतो. अंतर दुप्पट झाले, की पोहोचणारा प्रकाश एक चतुर्थांश उरतो. म्हणून पाच फुटांवरच्या दगडाला पाच सेकंद पुरत असतील, तर दहा फुटांवरच्या दगडाला वीस सेकंद द्यावे लागतात.

कॅमेऱ्याची मांडणी त्या मानाने सोपी आहे. आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) 100, लेन्सचे छिद्र एफ 8 आणि शटर बल्बवर, म्हणजे आपण मिटेपर्यंत उघडे राहील असे, ठेवले आहे. फोकस आधी टॉर्चच्या उजेडात साधून मग स्वयंचलित न ठेवता हाताने फिरवायचा (मॅन्युअल) करून टाकला आहे, नाहीतर अंधारात लेन्स नुसती चाचपडत बसते. एलईडीच्या निळसर उजेडात दगड आजारी दिसतो, म्हणून टॉर्चच्या काचेवर पिवळा जिलेटिन कागद लावला आहे. पेटलेली स्टील वूल (पोलादाच्या बारीक तारांचा गुंता) फिरवून ठिणग्यांचे वर्तुळ काढण्याची पद्धत बरीच लोकप्रिय आहे, पण कोरडे गवत आणि तीनशे वर्षांचा दगड असलेल्या जागी ती वापरणे आम्हांला बेजबाबदारपणाचे वाटते.

चार मिनिटे झाली आणि शटर मिटले, तरी छायाचित्र लगेच दिसत नाही. सेन्सरवर साचलेले खोटे ठिपके वजा करण्यासाठी कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा आणखी एक काळा फोटो घेतो. ही सोय बंद करता येते, परंतु उकाड्याच्या रात्री ती बंद ठेवल्याचा पश्चात्ताप होतो. म्हणून पायरीवर बसून आणखी चार मिनिटे वाट पाहायची.

हे आमचे चौथे छायाचित्र. डावीकडची भिंत मनासारखी उजळली आहे आणि खालच्या पाण्यात तिचे प्रतिबिंबही आले आहे. कोपऱ्यातली कमान मात्र काळी राहिली, कारण तिच्यावर टॉर्च फिरवायचे राहून गेले. पाचव्या छायाचित्रासाठी शटर पुन्हा उघडले आहे, आणि या वेळी सुरुवात कमानीपासून आहे.