एक्कावन्न नंबरचा सॅम मिल्स

(अमेरिकेतल्या शार्लट इथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरतं घेतलं आहे.)

नमस्कार मंडळी,

आमंत्रण देतानाच चिटणीसांनी अट घातली होती: "ताई, काहीही बोला, फक्त गुडघेदुखीवर नको." मी पडले फिजिओथेरपिस्ट. म्हणून आज अमेरिकन फुटबॉलवर बोलते. गुडघे त्यातही येणार, त्याला माझा नाइलाज आहे.

'कीप पाउंडिंग' हे दोन शब्द आपण शार्लटकर उठताबसता वाचतो. ते गाड्यांच्या काचांवर असतात, पोरांच्या टोप्यांवर असतात, आपल्या फुटबॉल संघाच्या, पँथर्सच्या, जर्सीच्या कॉलरला आतून शिवलेले असतात. घरच्या मैदानावर सामना सुरू व्हायच्या आधी त्याच नावाचा भलामोठा ड्रम बडवतात. हे शब्द कुणाचे, असं मी आपल्यातल्या काही जणांना विचारून पाहिलं. कुणी म्हणालं संघाच्या मालकाचे, कुणी म्हणालं कुठल्या तरी जाहिरातीतले. ते शब्द सॅम मिल्सचे. स्टेडियमबाहेर ज्याच्या पुतळ्यापाशी आपण फोटो काढतो, तोच हा.

मिल्स लाइनबॅकर होता. ज्यांना या खेळाचा गंध नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. बचाव करणाऱ्या संघात सगळ्यात पुढे धिप्पाड गडी वाकून बसलेले असतात आणि त्यांच्यामागे चार-पाच यार्डांवर लाइनबॅकर उभा असतो. समोरून चेंडू घेऊन कुणी धावत आला तर त्याला पाडायचं, पास गेला तर मागे पळायचं, आणि चेंडू हलायच्या आधी आपल्या बाकीच्या दहा जणांना ओरडून सांगायचं की कुणी कुठे जायचं. आज यातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो. पण बचावाला ही सोय मिळाली 2008 मध्ये. मिल्सच्या काळात मैदानाबाहेरून हातवारे व्हायचे आणि ते वाचून उरलेलं डोकं स्वतःचं चालवायचं.

आता त्याची उंची. पाच फूट नऊ इंच. आपल्याकडे स्थळाच्या जाहिरातीत एवढ्या उंचीला 'उंच, रुबाबदार' लिहितात. इथे मात्र समोरचे गडी साडेसहा फुटांच्या आसपासचे आणि तीनशे पौंडांचे. न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँचमध्ये वाढलेला हा मुलगा माँटक्लेअर स्टेट या लहान कॉलेजात खेळला. तिथे त्याने टॅकलचा, म्हणजे समोरच्याला पाडण्याचा, ढीग घातला, पण एनएफएल या सगळ्यात मोठ्या लीगच्या 1981 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, त्याला कुणी घेतलं नाही. त्याच लीगमधल्या क्लीव्हलँड ब्राउन्स संघाने सरावाला बोलावलं आणि परत पाठवलं. पुढच्या वर्षी कॅनडात टोरांटोनेही तेच केलं. मग तो ईस्ट ऑरेंजच्या हायस्कुलात सुतारकाम आणि फोटोग्राफी शिकवायला लागला. संध्याकाळी शाळेच्या टीमला कोचिंग.

इथे आपण सगळे एक ठरलेली गोष्ट सांगायला लागतो. उंची नव्हती पण जिद्द होती, आणि जिद्दीने माणूस काय करू शकत नाही वगैरे. मला ही गोष्ट पटत नाही. ब्राउन्सच्या सरावात जेवढी मुलं घरी पाठवली गेली, त्या प्रत्येकाकडे जिद्द होतीच. मिल्सकडे आणखी दोन गोष्टी होत्या: नजर आणि गुडघे.

आधी नजर. कबड्डीत चांगला पकडणारा चढाईवाल्याच्या तोंडाकडे बघत नाही, कमरेकडे आणि पायांकडे बघतो. लाइनबॅकरचंही तसंच. समोरचा गार्ड, म्हणजे चेंडूवाल्या संघाच्या पुढच्या रांगेतला धिप्पाड गडी, बोटं जमिनीला टेकवून बसलेला असतो. त्याचं वजन बोटांवर आलेलं असेल, तर तो पुढे घुसणार, म्हणजे चेंडू घेऊन कुणीतरी धावणार. वजन टाचांकडे असेल, तर तो मागे सरणार किंवा बाजूला वळणार. चांगले गार्ड हे लपवतात. पण शरीर थोडंफार बोलतंच, हे मी माझ्या कामामुळे खात्रीने सांगते. अशा खुणा टिपायच्या तर त्याच संघाच्या जुन्या फिती पुन्हा पुन्हा बघाव्या लागतात. मिल्सचा अभ्यास खेळाडूंमध्ये प्रसिद्ध होता. शेवटी मास्तरच तो.

आणि गुडघे. तीनशे पौंडांचा माणूस अंगावर येतो तेव्हा जो खाली असतो तो जिंकतो. उंच लाइनबॅकरला त्यासाठी वाकावं लागतं, आणि वाकण्यात वेळ जातो. मिल्स मुळातच खाली होता. गुडघे किंचित दुमडले की त्याचा खांदा समोरच्याच्या छातीखाली लागायचा. ज्या उंचीपायी त्याला दोनदा नाकारलं, तेच त्याचं हत्यार होतं.

हे ओळखायला कुणीतरी भेटावं लागतं, तसे त्याला जिम मोरा भेटले. 1983 मध्ये यूएसएफएल नावाची नवी लीग निघाली होती, तिला खेळाडू हवे होते. मोरा तिथे फिलाडेल्फिया स्टार्सचे कोच. मिल्सला तिथे 'फील्ड माउस' म्हणायचे. तीन मोसमांत हा संघ तिन्ही वेळा अंतिम सामन्यात पोचला आणि दोनदा जिंकला. मग लीगने एनएफएलवर खटला भरला, जिंकलाही, आणि भरपाई म्हणून पदरात पडला एक डॉलर, कायद्याने तिप्पट करून तीन. (हशा) लीग अर्थातच बुडाली.

मोरा न्यू ऑर्लीन्स सेंट्सचे कोच झाले आणि 1986 मध्ये मिल्सला बरोबर घेऊन गेले. सेंट्स हा 1967 पासूनचा संघ, पण तोवर एकाही मोसमात त्यांचे विजय पराभवांपेक्षा जास्त नव्हते. 1987 मध्ये ते बारा सामने जिंकले. रिकी जॅक्सन, व्हॉन जॉन्सन, पॅट स्विलिंग आणि मिल्स या चौकडीला 'डोम पट्रोल' नाव पडलं, आणि 1992 च्या मोसमात हे चारही लाइनबॅकर प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडले गेले. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, मात्र त्या काळात त्यांना एकही सामना जिंकता आला नाही. हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट फार गोड होते. मोरा पुढे पेटन मॅनिंग या नामवंत क्वार्टरबॅकचेही (पास फेकणाऱ्या खेळाडूचे) कोच झाले, तरी आपण शिकवलेला सर्वोत्तम खेळाडू म्हणून ते नाव घेत मिल्सचं.

1995 मध्ये आपल्या गावात पँथर्स आले. संघ नवा आणि मिल्स छत्तीस वर्षांचा. या वयात बहुतेक लाइनबॅकर माझ्यासारख्यांच्या दवाखान्यात असतात. पहिले पाचही सामने हरले. स्टेडियम बांधून व्हायचं होतं, त्यामुळे घरचे सामनेसुद्धा क्लेमसनला. 15 ऑक्टोबरला समोर न्यूयॉर्क जेट्स. त्यांचा क्वार्टरबॅक बबी ब्रिस्टर गर्दीत सापडला आणि त्याने जवळच्या रनिंग बॅककडे, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या गड्याकडे, चेंडू हळूच ढकलला. असा शॉव्हल पास जेमतेम काही फुटांचा असतो. तो मध्ये अडवायचा तर चेंडू सुटायच्या आधीच तिथे असावं लागतं. मिल्स होता. चेंडू हातात आला आणि छत्तीस वर्षांचा माणूस छत्तीस यार्ड धावत थेट टचडाउनपर्यंत गेला. सामना 26-15 असा जिंकला, पँथर्सचा पहिलावहिला विजय. पुढच्या मोसमात संघ थेट एनएफसीच्या, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या, अंतिम सामन्यापर्यंत पोचला, ग्रीन बेकडून हरला, आणि मिल्स पाचव्यांदा प्रो बोलला निवडला गेला. 1997 नंतर त्याने खेळणं थांबवलं आणि इथेच लाइनबॅकरांचा कोच झाला.

ऑगस्ट 2003 मध्ये त्याला आतड्याचा कर्करोग झाल्याचं कळलं. डॉक्टरांनी थोडेच महिने सांगितले होते. केमोथेरपी घेत तो सरावाला येत राहिला. जानेवारी 2004 मध्ये डॅलसविरुद्धच्या प्लेऑफच्या आधी तो खेळाडूंशी बोलला: आजार कळला तेव्हा दोनच वाटा होत्या, सोडून द्यायचं नाहीतर ठोकत राहायचं, म्हणजेच 'कीप पाउंडिंग', आणि मी ठोकत राहिलो. पँथर्स तो सामना जिंकले, पुढचेही जिंकत सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, पोचले आणि तिथे 32-29 असे अगदी शेवटच्या क्षणी हरले. मिल्स 18 एप्रिल 2005 ला गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. पँथर्सनी कायमचा निवृत्त केलेला नंबर आजवर एकच, त्याचा 51.

हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, तो आला 2022 मध्ये, नेहमीच्या यादीतून निवड होण्याच्या अगदी शेवटच्या वर्षी. सन्मान घ्यायला पत्नी मेलनी उभ्या होत्या. एवढा उशीर का, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. त्या काळी टॅकल अधिकृतपणे मोजलेच जात नसत, हे एक कारण असावं. न मोजलेल्या कामाचं श्रेय उशिराच मिळतं, आपल्या स्वयंपाकघर समितीला विचारा. (टाळ्या)

पुढच्या महिन्यात मंडळाची मंडळी सामन्याला जाणार आहेत, नावं चिटणीसांकडे द्या. मुलांनो, तुम्ही माझ्या शेजारी बसा. चेंडू सगळेच बघतात. आपण समोरच्या गार्डची बोटं बघू आणि चेंडू हलायच्या आधी पैज लावू, धाव की पास. हरेल त्याने सगळ्यांना पॉपकॉर्न द्यायचे.