ओव्या गेल्या कुठे?

नमस्कार, श्रोतेहो.

मागच्या दिवाळीत आईला जात्यापुढे बसवलं. पीठ कधीचंच गिरणीतून येतं, पण खुंट्याला हात लागल्याशिवाय तिला ओवी सुचत नाही. फोनमधल्या एका रेकॉर्डर अ‍ॅपवर अकरा ओव्या सेव्ह केल्या. संक्रांतीला फोन भरला, तेव्हा नको ती अ‍ॅप्स काढता काढता तेही काढलं. मग सगळा फोन धुंडाळला. एकही ओवी नाही.

झालं काय, ते नंतर उमगलं. फोनमध्ये प्रत्येक अ‍ॅपला आपली एक खोली मिळते. अ‍ॅप काढलं की फोन ती खोली झाडून मोकळी करतो, आत आईचा आवाज आहे की आणखी काय, ते बघत नाही. अँड्रॉइड 11 मध्ये, म्हणजे 2020 साली, एकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकावण्यावरचे निर्बंध आणखी कडक झाले. ते बरंच झालं म्हणा. पूर्वी स्टोरेजची परवानगी मिळाली की टॉर्चचं अ‍ॅपसुद्धा तुमचे फोटो चाळू शकायचं. पण त्यामुळे आतली फाईल आपल्यालाही सहजी सापडत नाही.

डाउनलोड, डॉक्युमेंट्स, म्युझिक हे फोल्डर मात्र घराची ओसरी. अ‍ॅप गेलं तरी तिथलं सामान जागच्या जागी. म्हणून अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये साठवणीची जागा बघून घ्या. तशी सोय नसेल तर शेअर किंवा एक्सपोर्ट करून फाईल ओसरीवर आणा. आयफोनच्या 'फाइल्स'मध्ये अ‍ॅपच्या नावाचा फोल्डर दिसतो खरा, पण अ‍ॅपबरोबर तोही जातो. आणि अँड्रॉइड फोनवर क्रोमच्या डाउनलोड यादीतून सातबारा पुसलात, तर नुसती नोंद नाही, फाईलच जाते.

नावाचंही तसंच. शोधायला बसलं की 'डॉक्युमेंट 3' कुणाला आठवतं? 'सातबारा, गट अमुक, जून' असं नाव लगेच देऊन टाकावं.

आमची एक ओवी वाचली. ती मी बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर धाडली होती. तिच्या फोनमध्ये त्या फाईलचं नाव 'एयूडी', पुढे तारीख, पुढे 'डब्ल्यूए' आणि चार आकडे. बाकीच्या दहा आईकडून पुन्हा म्हणवून घ्यायला बसलो, तर त्यातल्या चार तिला आता आठवत नाहीत.