पोतं गावाहून आणू नका, अंगठा इथेच लावा

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? कुणी आत्ता कणिक मळत असेल, कुणी कामावर निघालं असेल, चालू द्या तुमचं, फक्त जवळ पेन असेल तर हाताशी घ्या कारण आज मी दोन नंबर सांगणारे. 1967 आणि 14445. परत सांगते, 1967 आणि 14445. पुढे अजून सांगीनच, काळजी करू नका.

आज रेशनबद्दल बोलायचंय. रेशन दुकान म्हणजे काय, केशरी कार्ड पिवळं कार्ड म्हणजे काय हे सांगण्यात मी वेळ घालवत नाही, ते तुमच्या घरात पिढ्यान् पिढ्या माहितीये. मला आज एकच गोष्ट तुमच्या डोक्यात पक्की बसवायचीये, ती अशी की धान्य कार्डाला मिळत नाही, कार्डावरच्या माणसाला मिळतं, आणि तो माणूस जिथे असेल तिथे मिळतं. गावाकडचं कार्ड असलं तरी शहरात मिळतं. म्हणजे कार्ड बीडचं आणि माणूस पुण्यात, तर पुण्यात मिळतं.

हे मला तरी कुठे आधीपासून इतकं पक्कं माहिती होतं, एका बाईमुळे कळलं, आणि तिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही.

दोनेक वर्षं झाली असतील. आमच्या स्टुडिओच्या मागच्या गल्लीत एका बिल्डिंगचं काम चालू होतं, तिथेच पत्र्याच्या खोलीत वॉचमनचं कुटुंब राहायचं, नवरा रात्रपाळीला आणि ती दिवसा त्याच साइटवर बिगारी, पाणी मारणं, विटा देणं, जे पडेल ते. बीड जिल्ह्यातली माणसं. मी सकाळच्या कार्यक्रमाला साडेपाचला यायचे तर एक दिवस बघते तर ही बाई कोपऱ्यावर रिक्षातून उतरतीये, काखेत झोपलेली बारकी पोर आणि डोक्यावर गोणी. युरियाची धुतलेली गोणी, तोंड सुतळीने शिवलेलं. मी गोणीला हात लावला खाली उतरवायला, म्हटलं अहो एवढ्या पहाटे काय आणलंत? तर म्हणाली, "रेशनचं हाय ताई. गावाकडून आणलं."

मला आधी कळलंच नाही. रेशन गावाकडून? मग तिने सांगितलं की दर महिन्याला ती शनिवारी रात्री एसटीने निघते, रविवारी पहाटे गावात, दिवसभर तिथे, गहू निवडून थोडा दळून घ्यायचा, परत रात्रीची गाडी, आणि सोमवारी पहाटे इथे. पोरगी अंगावरची म्हणून ती पण बरोबर. एसटीला आता बायकांना अर्धं तिकीट आहे, 2023 च्या मार्चपासून, तेवढंच बरं, नाहीतर ते धान्य बाजारातून विकत घेणंच स्वस्त पडलं असतं. आणि सोमवारी अंग इतकं मोडून यायचं की अर्धा रोज बुडायचा. हे सगळं कशासाठी, तर 15 किलो धान्यासाठी. कार्डावर 5 नावं, सासू, सासरे, नवरा, ती आणि मोठा मुलगा, माणशी 5 किलो म्हणजे 25, त्यातलं 10 सासूसासऱ्यांना ठेवायचं आणि 15 घेऊन यायचं.

आणि इथे मला मधेच एक बोलू द्या. कुणी म्हणालं ना की फुकट धान्याने लोक आळशी झाले, तर मला ती सुतळीने शिवलेली गोणी आठवते. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, लिफ्टमध्ये ऐकलंय, शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय, आणि दरवेळी माझ्या पोटात खड्डा पडतो. आळशी माणूस 15 किलोसाठी दोन रात्री एसटीत बसून काढत नाही.

बरं, तर मी म्हटलं वहिनी, तुम्ही इथल्या दुकानात विचारलं का? म्हणाली, विचारलं ना, ते म्हणले बाहेरचं कार्ड चालत नाही. एवढंच. एकदा नाही म्हटल्यावर गरीब माणूस परत दुसऱ्यांदा विचारायला जात नाही हो, मान खाली घालून निघून येतो. मग आम्ही दोघींनी माझ्या फोनवरून 14445 लावला, हा नंबर खास ह्याच कामाचा आहे, 'एक देश एक रेशन कार्ड' ह्या योजनेचा, आणि तिथल्या मुलीने अगदी नीट सांगितलं की कार्ड देशात कुठेही चालतं, बरोबर कार्ड नसलं तरी बारा अंकी आरसी नंबर, म्हणजे रेशन कार्डाचा नंबर, किंवा आधार नंबर पुरतो, घरातला कुणी एकजण अंगठा लावू शकतो. आणि सगळं एकाच ठिकाणी उचलायची सक्ती नाही, काही इथे काही गावाला असं चालतं. ऐका बरं का नीट, काही इथे काही गावाला असं चालतं.

गेलो दुकानात. मी बरोबर होते म्हणून असेल किंवा काय, दुकानदाराने मशीन पुढे केलं, नंबर टाकला आणि म्हणाला, हे बघा, ह्या महिन्याचं उचललंय. झालं होतं काय की सासऱ्यांनी 8 तारखेला नेहमीप्रमाणे सगळं 25 किलो उचललं होतं. म्हणजे आता पुढच्या महिन्याची वाट बघायची आणि त्याआधी गावाकडे फोन करायचा.

तो फोन मी विसरणार नाही. साइटवर वाळूच्या ढिगावर बसून तिने स्पीकरवर लावला, "मामा, ह्या महिन्याला तुम्हा दोघांचंच उचला, आमचं आम्ही हितं घेतो." पलीकडे बराच वेळ आवाजच नाही. मग म्हातारा म्हणतो, "आन् हितलं नाव कटलं तर?" हीच भीती आहे बघा. शहरात धान्य घेतलं की गावातून नाव उडेल, मग घराचा उतारा, मग शेत, मग आपण तिकडचे राहणारच नाही, एका अंगठ्यामागे एवढं सगळं त्या माणसाच्या मनात येऊन गेलं असणार. मी फोन घेतला, म्हटलं आबा, कार्ड तुमचंच, गावाचंच, नाव हलत नाही, फक्त धान्य इथे मिळतं. दोनदा सांगितलं. तेव्हा म्हणाले, "बरं. पर पावती ठिवून दे म्हणा तिला."

पुढच्या महिन्यात परत गेलो. आणि अंगठा लागेना! सिमेंटच्या पाण्यात हात, रेषाच उरल्या नव्हत्या, पांढरे पडलेले, कडा फुटलेल्या. उजवा अंगठा नाही, डावा नाही, मागे रांग, एकजण म्हणतोय की ओ बाई बाजूला व्हा. तिने पदराने हात पुसले, मी माझ्या पर्समधलं व्हॅसलीन दिलं, ते चोळून परत पुसले, आणि एकेक बोट करत करत डाव्या हाताची करंगळीशेजारची जी अनामिका ना, ती लागली. मशीनमधून चिठ्ठी सरकत बाहेर आली. 15 किलो. पैसे शून्य. तिने ती चिठ्ठी चार घड्या करून मोबाईलच्या कव्हरच्या मागे ठेवली, सासऱ्यांनी सांगितलं होतं ना.

तर मंडळी, ह्यातून लक्षात ठेवायचं ते मी परत सांगते कारण रेडिओवर मागे जाऊन वाचता येत नाही. गावाकडे जो धान्य उचलतो त्याला आधी फोन करा, महिना लागायच्या आत. मग इथल्या दुकानात बारा अंकी नंबर घेऊन जा. अंगठा लागला नाही तर दहाही बोटं लावून बघा, बऱ्याच ठिकाणी डोळ्याचं मशीन आलंय ते विचारा, मोबाईल आधारला जोडलेला असेल तर ओटीपीचं विचारा, पण "मशीन घेत नाही, पुढच्या महिन्यात या" एवढ्यावर परत फिरू नका. आणि पावती मागून घ्या. 1 जानेवारी 2023 पासून हे धान्य पूर्ण मोफत आहे, आधी गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये होता तो पण आता नाही, त्यामुळे पावतीवर जेवढे किलो तेवढे हातात आले पाहिजेत आणि पैसे द्यायचे नाहीत. कमी दिलं, पैसे मागितले, हाकललं, तर 1967 ला फोन लावून तक्रार करा. एकोणीसशे सदुसष्ट.

आता ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांचं. शहरात वर्षाचं उत्पन्न 59 हजारांच्या आत आणि खेड्यात 44 हजारांच्या आत असेल तर प्राधान्य कुटुंबात बसता, माणशी 5 किलो. अगदीच निराधार, विधवा, आजारी, म्हातारी एकटी माणसं असतील तर अंत्योदय, त्यात माणसं कितीही असोत घराला 35 किलो. अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत, मुंबईत असाल तर शिधावाटप कार्यालयात. आणि हे फार बायकांना माहिती नसतं, 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात लिहिलंय की रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली 18 वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई असली पाहिजे. बाई! तेव्हा नवरा सोडून गेलाय, कार्ड त्याच्या नावावर आहे, म्हणून मला काही मिळत नाही असं समजून बसू नका, जाऊन भांडा.

एक अडचण आहे ती पण सांगते, लपवून काय उपयोग. अर्ज केला म्हणजे लगेच धान्य चालू होतं असं नाही, कारण राज्याला साधारण 7 कोटी माणसांचा इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त किती माणसांना धान्य द्यायचं तो आकडा, ठरवून दिलेला आहे आणि तो अजूनही 2011 च्या जनगणनेवरचा. तेवढ्यात जागा झाली की नवीन नाव आत येतं. तेव्हापासून किती पोरं जन्माला आली, किती घरं वाढली, मला हे मनापासून चुकीचं वाटतं आणि मी ते माईकवर म्हणणार. आणि अजून एक म्हणू का, आपण ज्वारी-बाजरी खाणारी माणसं, कायद्यात भरड धान्याची सोय आहे, आणि तरी वर्षानुवर्षं पोत्यातून बहुतेक वेळा गहू-तांदूळच येतोय. माझ्या आजीला तांदळाच्या भातावर कधी जेवल्यासारखं वाटलं नाही, भाकरी हवी. असो, विषय लांबेल.

तर कार्ड होईपर्यंत काय, घरात पोरं भुकेली आहेत तर काय? पहिली जागा अंगणवाडी. तिथे रेशन कार्ड लागतच नाही. 6 महिन्यांपासून 6 वर्षांपर्यंतची मुलं, गरोदर बाई, आणि बाळंत झाल्यावर 6 महिने, ह्या सगळ्यांचा तो हक्क आहे, लहान बाळांना घरी न्यायचा पोषण आहार आणि 3 वर्षांपुढच्यांना तिथे गरम जेवण. तुम्ही आत्ता जिथे राहताय तिथल्या अंगणवाडीत जा, साइटवर राहत असलात तरी. मग शाळा, सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत दुपारचं जेवण. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2001 मध्ये सांगितलं की पोरांना शिजवलेलं जेवणच द्या, म्हणून ते ताटात आलं, तेव्हा पोरगं शाळेत गेलं नाही तर फक्त अभ्यास बुडत नाही. 10 रुपयांची शिवभोजन थाळी आहे, 2020 च्या 26 जानेवारीला सुरू झालेली, दोन चपात्या, भाजी, वरण, भात. तुमच्या भागात केंद्र चालू असेल तर तिथे कुणी कागद मागत नाही. गुरुद्वारात लंगरला तर कुणीच काही विचारत नाही, जात नाही, धर्म नाही, नुसतं डोकं झाकायचं आणि पंगतीत बसायचं.

आणि जे देणारे आहेत, ऐकत असाल तर तुम्हाला हात जोडून विनंती, किट वाटताना घेणाऱ्याचा फोटो काढू नका. पाकिटाचा काढा, तांदळाचा काढा. त्या बाईची पोरगी उद्या मोठी होऊन तो फोटो बघणारे.

पोरगीवरून आठवलं, ती काखेतली पोर. तिचं नाव कार्डावर नव्हतंच! जन्मून वर्ष झालं होतं आणि कुणी नाव चढवलंच नव्हतं, म्हणजे महिन्याला 5 किलो, वर्षाला 60 किलो, एवढं धान्य त्या घरात आलंच नाही. आपल्याकडे घराघरात असंच आहे, पोरांची नावं राहून जातात, नवीन सुनेचं माहेरातून कमी होतं आणि सासरी चढतच नाही. आज घरी गेलात की कार्ड काढा आणि माणसं मोजा आणि नावं मोजा. जमलं तर सगळ्यांची ई-केवायसी, म्हणजे आधारशी ओळख जुळवून घेणं, झालीये का तेही दुकानात विचारा, कुठल्याही दुकानात होते, फुकट होते, ती नाही केली तर असलेलं नावसुद्धा अडकतं.

तर आम्ही जन्माचा दाखला काढला, तिचं आधार काढलं, आणि अर्ज गावाकडच्या तहसीलला, कारण कार्ड तिथलं. सासरे तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा साहेब नाही, दुसऱ्यांदा झेरॉक्स राहिली, तिसऱ्यांदा घेतला. मग नुसती वाट. महिने गेले, बिल्डिंग उभी राहिली, ते कुटुंब दुसऱ्या साइटवर गेलं, चार स्टॉप पुढे, तिथल्या दुकानात धान्य घ्यायला लागलं, अनामिका लावून.

मागच्या पावसाळ्यात एक दिवस ती स्टुडिओच्या दारात उभी. पोरगी आता चालत होती, बोट धरून. तिने मोबाईलचं कव्हर काढलं, मागे पावत्यांचा हा एवढा जाड थर, त्यातली सगळ्यात वरची काढून माझ्यासमोर धरली आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. 25 च्या जागी 30 आला होता.