निर्बीजीकरणाचा फोटो

(अंधार. रिकाम्या रस्त्यावर बुटांचा आवाज. हळूहळू फटफटतं.)

पहाटेचे साडेचार. आज 32 किलोमीटर पळायचंय. सरावातलं हे सगळ्यात लांब पळणं. यानंतर तीन आठवडे अंतर कमी कमी करत न्यायचं आणि मग सुरुवातीच्या रेषेवर उभं राहायचं. पुढे मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटर.

हा आकडा ऐकायला फार शास्त्रीय वाटतो, पण तसं काही नाही. 1896 साली अथेन्सला पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली, ती साधारण 40 किलोमीटरची होती. 1908 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर किल्ल्यापासून निघाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. ते अंतर 42.195 भरलं, आणि 1921 पासून तेच कायम झालं. चाळिसाव्या किलोमीटरनंतर हे आठवलं की मला राग येतो. रागावर अर्धा किलोमीटर तरी निघतो.

(प्राण्यांचा निवारा. जाळीच्या दारांची रांग. भुंकण्याचा कल्लोळ, मग एकदम शांतता.)

हे सगळं पळणं चाललंय ते इथल्यांसाठी निधी जमवायला. ही पिवळसर कुत्री काल शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती. पोटावरचे केस भादरलेत, मधोमध दोन बोटांएवढी टाक्यांची ओळ. आता तिचा डावा कान बघा. टोक सरळ कापलेलं आहे. भूल उतरायच्या आत हेही उरकून घेतात. कापलेलं टोक लांबूनच सांगतं, की हिचं निर्बीजीकरण झालंय, हिला पुन्हा पकडू नका.

इथल्या डॉक्टर म्हणतात, पायाला प्लास्टर घातलेल्या पिल्लाचा फोटो टाकला की रातोरात त्याच्या उपचाराला पुरून उरतील इतके पैसे येतात. पण ते त्याच पिल्लाच्या नावाने. शेजारच्या पिंजऱ्यातल्या खरुजेच्या औषधाला ते वापरता येत नाहीत. निर्बीजीकरणाच्या फोटोत काय दाखवणार? टाके आणि भादरलेलं पोट. जी पिल्लं जन्मलीच नाहीत, त्यांचा फोटो कुठून आणणार!

मी तेव्हाच ठरवलं. माझ्या पळण्याचा पैसा शस्त्रक्रिया आणि लसींसाठी. प्लास्टरवाल्या पिल्लाचा फोटो मी वापरणार नाही. संस्थेच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना वाटलं असणार, हिला निधी जमवायचा अनुभव नाही. खरंच नव्हता.

(भिंतीवरचा फळा. खडूने लिहिलेले आकडे: किती शस्त्रक्रिया, किती लसी.)

या फळ्यामागचा हिशेब सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजमुळे जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसं मरतात, आणि माणसाला होणारा रेबीज 99 टक्के वेळा कुत्र्याकडून येतो. एखाद्या भागातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर संसर्गाची साखळी तुटते. शंभर टक्क्यांची गरज नाही. पण हे 70 टिकवणं अवघड असतं. कुत्रीच्या गर्भारपणाचे दिवस साधारण 63. आज सगळ्यांना लस टोचली तरी काही महिन्यांत लस न मिळालेली नवी पिल्लं रस्त्यावर येतात आणि टक्का घसरतो. म्हणून लस आणि निर्बीजीकरण हातात हात घालूनच चालायला हवं. एकटी लस म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.

(मोबाइलच्या पडद्यावर अर्धवट लिहिलेला मेसेज. खोडला जातो. पुन्हा लिहिला जातो.)

पळणं एक वेळ जमतं. पैसे मागायची वेळ आली की घोडं पेंड खातं.

आधी यातला व्यवहार सांगते. मोठ्या शर्यतींमध्ये संस्था आयोजकांकडून काही जागा विकत घेतात. धावपटू ठरावीक रक्कम जमवायचं कबूल करतो, मग त्याला बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक मिळतो. ती रक्कम जमली नाही तर जागेचे पैसे संस्थेच्या अंगावर पडतात. त्यामुळे जागेचे, बुटांचे, प्रवासाचे पैसे मी पदरमोड करून भरले. कुणीतरी विचारणारच होतं, ‘माझ्या देणगीवर तू फिरायला चाललीस का?’ विचारलंच. आणि तो प्रश्न रास्त आहे असं माझं आजही मत आहे.

पहिला मेसेज मी एकाच वेळी 200 जणांना पाठवला. सात अंगठे आले, एक ‘शाब्बास’ आला, देणगी शून्य. आठवडाभर मी रुसून पळत होते. मग एकेकाला नावाने लिहायला लागले. चार ओळी, एक आकडा: एका शस्त्रक्रियेला इतका खर्च येतो. पहिली देणगी कुणाची आली असेल? ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची, ज्याला कुत्री अजिबात आवडत नाहीत. त्याने लिहिलं होतं, ‘लहानपणी मला एक चावलंय. लसीसाठी आहे म्हणून देतोय.’

तोवर मी फक्त श्वानप्रेमींनाच गाठत होते.

(जुन्या लंडनची रेखाचित्रं.)

प्राण्यांसाठी पैसे जमवणं पहिल्यापासूनच जड गेलंय. जून 1824 मध्ये लंडनच्या एका कॉफीगृहात प्राण्यांवरची क्रूरता रोखण्यासाठी संस्था स्थापन झाली. तीच पुढे आरएसपीसीए म्हणून ओळखली गेली. त्या कॉफीगृहाचं नाव ‘ओल्ड स्लॉटर्स’. स्लॉटर हे मूळ मालकाचं आडनाव, पण शब्दाचा अर्थ कत्तल! संस्थेचा पहिला सचिव आर्थर ब्रूम हा पाद्री. दोन वर्षांत संस्थेवर कर्ज झालं आणि ते फेडता न आल्यामुळे ब्रूमला तुरुंगात जावं लागलं. मला सात अंगठे आले होते, एवढंच.

(गेंड्याच्या पोशाखातला धावपटू गर्दीतून डुलत जातो.)

लोकांचं लक्ष वेधायला धावपटू काय काय करतात! ‘सेव्ह द राइनो’ या संस्थेसाठी 1992 पासून लंडन मॅरेथॉनमध्ये लोक गेंडा होऊन पळतात. पोशाखाचं वजन सुमारे 10 किलो. मुळात तो एका नाटकासाठी तयार केला होता, पळण्यासाठी नव्हे. 1981 साली सुरू झालेल्या या शर्यतीतून आजवर वेगवेगळ्या संस्थांसाठी 1 अब्ज पौंडांहून जास्त रक्कम उभी राहिली आहे.

मलाही सुचवलं गेलं, एखादं कुत्रं सोबत घेऊन पळ, छान दिसेल. मी नाही म्हटलं. आपण सगळ्या अंगाने घाम गाळून थंड होतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांनाच, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. तापलेल्या डांबरावर त्याचे पंजे भाजतात. आणि तुम्ही पळताय म्हणून ते पळत राहतं, अगदी कोसळेपर्यंत. ‘दमलो’ म्हणायला माणूसच लागतो.

(शर्यतीचा दिवस. गर्दी, टाळ्या. मग मोकळा रस्ता, एकट्या पावलांचा आवाज.)

तिसाव्या किलोमीटरपर्यंत सगळं ठीक होतं. स्नायू आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, साधारण इथवर पुरतं, नंतर पाय परक्याचे वाटायला लागतात. चौतिसाव्याला मी चालले. छत्तिसाव्यालाही चालले. कॅमेरा तिथे होता म्हणून कबूल करते, नाहीतर सांगितलं नसतं. 5 तास 21 मिनिटं लागली. कबूल केलेल्या रकमेपेक्षा थोडे जास्त पैसे जमले, त्यातले बरेच शर्यत झाल्यावर, पदकाचा फोटो टाकल्यावर. म्हणजे शेवटी फोटोच लागला.

(दुसरा दिवस. निवाऱ्याची गाडी एका गल्लीच्या तोंडाशी थांबते.)

आज एका काळ्या कुत्रीला सोडायचंय. जिथून उचललं तिथेच परत सोडतात. तिची जागा तिला ठाऊक असते, आणि तिथल्या लोकांना ती. मी गाडीतून उतरले ते दाराला धरून, एकेक पाय खाली टेकवत. पिंजऱ्याचं दार वर गेलं. ती आधी थबकली, हवेत नाक वर केलं, माझ्याकडे पाहिलंही नाही.

कॅमेरावाला ओरडला, ‘कान, कानाचा शॉट हवाय!’ मी तिला वळवायला दोन पावलं टाकली. पाय उचलेनात.

शॉटमध्ये गल्ली आली आहे, आणि कोपऱ्यात अर्धी शेपटी.