घड्याळ मनगटावर, कानाचं यंत्र खणात

मंडळी, रविवारची सकाळ, बाहेर पोहे-जिलबी, आणि तुम्ही स्मृतिभ्रंशावरचं व्याख्यान ऐकायला बसलात. म्हणजे एक तर धास्ती मोठी, नाहीतर आयोजकांचा अल्पोपाहार चांगला. विषय दिलाय 'डिजिटल साधनं आणि स्मृतिभ्रंशाचा प्रतिबंध'. पाच मुद्दे काढून आणलेत. पण त्याआधी आमच्या कॉलनीतल्या एका काकांबद्दल सांगतो. त्यांना विचारूनच सांगतोय.

काकांची नोकरी गिरणीत, मागांच्या खडखडाटात गेली. इथे गिरणीवाले कोण कोण? हात वर करा. बघा, शेवटच्या रांगेला प्रश्नच पोचला नाही!

तर काकूंनी त्यांना आपल्या इंदूरच्या सियागंज बाजारातून तूप आणायला पाठवलं. हे सूप घेऊन आले. धान्य पाखडायचं, बांबूचं. घरात हसू झालं, मग कुजबूज झाली. पुढे पुढे काका पत्त्यांच्या अड्ड्यावर जाईनात, फोन उचलीनात. सुनेनं निदान केलं, 'बाबा विसरायला लागले.' बंगळुरूच्या मुलानं लगेच पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं आणि फोनमध्ये मेंदूच्या व्यायामाचा पैसे भरून घ्यायचा खेळ टाकला. घड्याळाचं काय सांगू! भजनात टाळ कुटले तरी पावलं वाढतात. एकादशीला काका बसल्या जागी उज्जैनला जाऊन यायचे. खेळातल्या सूचना इंग्रजीत, बारीक आवाजात. त्यांचे गुण शून्य, आणि घरच्यांची खात्री पक्की.

माझी तक्रार इथे आहे. कान कोणी तपासलाच नाही. गोंगाटानं गेलेल्या कानाला आधी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स्वर कळतात, त-स-श निसटतात. तूप आणि सूप एकच होतं. माणूस विसरलेला नसतो, त्याच्यापर्यंत आलेलंच नसतं. अंदाज बांधण्यात मेंदू दमतो, चारचौघांत जाणं सुटतं, आणि मग खरोखरच स्मरणशक्तीवर येऊ शकतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात टाळता येण्याजोगी 14 कारणं आहेत. ती सगळी आवरली तर सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा हिशोब. त्यात बहिरेपणाचा वाटा सर्वांत मोठ्यांपैकी, 7 टक्के. तेवढाच वाईट कोलेस्टेरॉलचा.

शेवटी काकांचा कान तपासला, यंत्र घेतलं. ते गेलं खणात! चष्मा लावायला लाज नाही, पण कानात काही घातलं की म्हातारपण जाहीर. शिवाय सुरुवातीला यंत्र शिट्टी मारतं, भांडी डोक्यात आपटतात. ते पुनःपुन्हा जुळवून घ्यावं लागतं. दर वेळी रिक्षा, रांग, अर्धा दिवस. आता काही यंत्रं फोनला जोडून, तज्ज्ञ तिकडे आणि तुम्ही घरी, अशी जुळवता येतात. मुलानं हे जोडून दिलं असतं तर मी त्याला डिजिटल म्हटलं असतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळतो.

खेळ: 2016 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं अशाच एका कंपनीकडून फसव्या दाव्यांपायी 20 लाख डॉलर वसूल केले. खेळा, पण औषध समजून नको.

कानाच्या यंत्रानं मेंदूला हमखास फायदा होतो का? 2023 च्या अमेरिकेतल्या चाचणीत 70 ते 84 वयाचे 977 जण होते. तीन वर्षांत सरसकट फरक दिसला नाही, पण ज्यांना धोका जास्त होता त्यांच्या स्मरण-विचारशक्तीची घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. म्हणजे आपल्यासारख्या बीपी-शुगरवाल्यांनी तर ऐकावंच.

ॲप: नेदरलँड्स, फिनलंड, फ्रान्स मिळून 65 च्या वरच्या 2724 जणांना अठरा महिने इंटरनेटवरून मार्गदर्शन दिलं. हृदयविकाराचा धोका थोडासा घटला, स्मृतिभ्रंश घटल्याचं दिसलं नाही. तिथेही पडद्यामागे सल्ला देणारा माणूस होता, हे विसरू नका.

रक्तदाब: चाळिशीपासून वरचा आकडा 130 च्या आत. हे तुमच्या मुलांना सांगा, त्यांचं वय आहे ते. मनगटाचं नको, दंडावरचं यंत्र घ्या. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. इंदुरात हे कठीण, पण बसा. दोनदा मोजा, आकडे फोनमध्ये टिपा, आणि ते डॉक्टरांना दाखवा, व्हॉट्सॲप ग्रुपला नको.

पाचवा मुद्दा साखरेचा होता. तो जिलबीआधी काढत नाही. दाराशी बीपीचं यंत्र ठेवलंय, आधी तिकडे चला.